थंडीतलं लाईट बिल, परड्यातला बंब आणि बाळंतिणीची खोली

येळ्ळूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात पाच माणसं. पुढचं घर कौलारू, मागं स्लॅबचं बाथरूम, त्यात १५ लिटरचा जुना गिझर. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत त्यांची मर्यादा ११८ युनिटची. एरवी बिल शून्य येतं, डिसेंबरात मात्र वापर १८४ युनिटवर गेला आणि पैसे भरावे लागले. सासूबाई परड्यातल्या बंबाचंच पाणी घेतात, त्यावरून घरात रोज बोलणं होतं. आणि जानेवारीत नणंद बाळंतपणाला माहेरी येणार. तिच्या खोलीत शेगडी ठेवायची की हीटर घ्यायचा, आणि हीटर घेतला तर बिल कुठं जाईल, असं त्या विचारतात.

ताई, मी गेली २८ वर्षं बेळगाव आणि खानापूर तालुक्यात वायरिंग, गिझर आणि सोलरची कामं करतोय. थंडीत माझा फोन सगळ्यात जास्त याच कारणासाठी वाजतो. तुमचे प्रश्न तीन दिसले तरी हिशेब एकच आहे, म्हणून सगळं एकत्रच सांगतो.

आधी शेगडीचं, कारण त्यात जीव गुंतलेला आहे. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवायची नाही. रात्री तर नाहीच नाही. आपल्याकडं बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्यांच्या फटीत कापड कोंबतात, दारावर वाकळ टांगतात, आणि खाटेखाली शेक ठेवतात. धूर निघून गेला, निखारे लालबुंद झाले, म्हणजे आता काही भीती नाही असं सगळे समजतात. पण नेमक्या त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, झापड येते. बाळंतीण तशीही जागरणानं थकलेली असते, त्यामुळं ती झोपली असं घरच्यांना वाटतं.

जांबोटीकडं माझ्या नात्यातल्या एका घरात हे झालेलं मी पाहिलंय. पहाटे पोरगी उठेना, उठली तर बोलणं अडखळत होतं. म्हातारी माणसं दृष्ट काढायच्या तयारीत होती. तिच्या भावानं दार-खिडकी सताड उघडली, दोघांना उचलून ओसरीवर आणलं आणि गाडी काढून दवाखाना गाठला. आई-बाळ वाचली. तेव्हापासून मी कामाला गेलो आणि घरात पाळणा दिसला की न विचारता ही गोष्ट सांगतो. शेक द्यायचाच असेल तर दार उघडं ठेवून, माणूस जवळ बसवून, तेवढ्यापुरता द्यावा, आणि शेगडी लगेच परड्यात न्यावी. धुरीचंही तेच.

आता ऊब कशी द्यायची ते बघू. नवजात बाळाच्या खोलीचं तापमान २५ अंशांच्या खाली जाऊ नये असं डॉक्टर सांगतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे. जानेवारीत पहाटे बाहेर पारा १३-१४ वर येतो, कधी त्याच्याही खाली. कौलारू घरात वरून गार हवा उतरतच असते, त्यामुळं अख्खी खोली रात्रभर तापवत बसणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. ज्या खोलीवर कौलं आहेत ती सोडा. माडीखालची किंवा स्लॅबखालची लहान खोली नणंदबाईंना द्या, शक्यतो दुपारी पश्चिमेचं ऊन भिंतीवर पडतं अशी. ती भिंत रात्री दहा-अकरापर्यंत ऊब सोडत राहते. हात लावून बघा, कळेल. खाट मात्र बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. फरशीवर घोंगडं अंथरा. खाली गार फरशी असेल तर वरून कितीही वाकळा घातल्या तरी पाय गारच राहतात.

हीटर घेणारच असाल तर तेल भरलेला, थर्मोस्टॅटवाला घ्या. पंख्याचा आणि लाल दांड्याचा नको. कारण विजेचं नाही. तेलाचा हीटर कमी युनिट खातो असं दुकानात सांगतात, त्यात तथ्य नाही. कुठल्याही हीटरमध्ये एक युनिट जाळलं की ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते, एक कॅलरी इकडं नाही की तिकडं नाही. फरक सुरक्षेचा आहे. तेलाच्या हीटरला उघडी तापलेली तार नसते, लंगोट किंवा ओढणी पडली तर लगेच पेट घेत नाही, आणि तो कोरडी हवा झोतानं फेकत नाही. त्यावर कपडे वाळत मात्र घालायचे नाहीत. एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर लावायचा नाही, भिंतीतल्या १६ अँपिअरच्या पॉइंटलाच लावायचा.

१००० वॉटचा हीटर तासाला एक युनिट खातो. तेल लावणं आणि बाळाची अंघोळ यांच्या आधी अर्धा तास आणि नंतर तासभर लावला की पुरतं. रोजचे दीड युनिट, महिन्याचे ४५. रात्री बाळ आईच्या अंगाशी, टोपी-मोजे घालून, हे सगळ्यात खात्रीचं. आईच्या पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवा, बाळाच्या अंगाला लागेल अशी कधीच नाही. दीड लिटरच्या पिशवीत ६० अंशांचं पाणी भरलं तर ती अंगाइतकी कोमट होईतो जी ऊब देते ती युनिटच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी असते. तरी माणूस झोपी जातो, कारण ऊब थेट अंगाला लागते, कौलाकडं जात नाही.

म्हणजे महिन्याला ४५ युनिट वाढणार. वर नणंदबाईंचं रोजचं भरपूर कढत पाण्याचं न्हाणं आणि बाळाची अंघोळ, ते गिझरवर घेतलं तर आणखी ३० एक युनिट. तुमचे १८४ त्यात मिळवले की बेरीज २०० च्या पार जाते. आणि ताई, २०० चा आकडा साधा नाही. गृहज्योती २०२३ साली सुरू झाली तेव्हा नियम असा केला की २०२२-२३ मधल्या तुमच्या सरासरी वापरावर थोडी वाढ देऊन मर्यादा ठरवायची. त्या मर्यादेच्या पुढं पण २०० च्या आत असाल तर फक्त जादा युनिटचे पैसे. २०० ओलांडले की त्या महिन्याचं अख्खं बिल भरायचं. युनिटला साधारण सहा रुपये धरले तरी १९९ आणि २०५ यांच्यात सातशेच्या वर रुपयांची तफावत पडते. म्हणून नणंदबाईंची ऊब तुमच्याच गिझरमधून काढावी लागेल. ती निघते, आणि कुणाला गार पाण्यानं अंघोळ करावी लागत नाही.

त्यासाठी आधी एक दिवस मीटरपाशी उभं राहा. मीटरवर बारीक लाल दिवा लुकलुकतो. जवळच १६०० किंवा ३२०० असा आकडा छापलेला असतो, म्हणजे दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. एखाद्या दुपारी फ्रिजसकट सगळं बंद करा आणि एकटा गिझर चालू करा. २००० वॉटचा गिझर असेल तर १६०० च्या मीटरवर दिवा मिनिटाला पन्नासेक वेळा लुकलुकतो, ३२०० च्या मीटरवर शंभराच्या वर. वीस-पंचवीस मिनिटांनी आतून टक् असा आवाज येतो आणि दिवा थांबतो. पाणी तापलं, थर्मोस्टॅटनं तोडलं. आता पाणी काढू नका, बटण तसंच ठेवा. तास-दीड तासानं दिवा आपोआप पुन्हा लुकलुकायला लागतो. कुणी चूळसुद्धा भरलेली नसते. टाकीच्या पत्र्यातून निघून गेलेली ऊब तो भरून काढत असतो. जुन्या गिझरमध्ये दिवसाला एक युनिटच्या आसपास असंच जातं. नव्या गिझरच्या तारांकित लेबलावर ही गळती किती ते लिहिलेलं असतं, घेताना लिटर आणि रंग बघण्याआधी तो आकडा बघावा.

दिवसभर चालू ठेवला तर परत परत तापवावं लागत नाही, म्हणून स्वस्त पडतो, असं पुष्कळ लोक मला सांगतात. तुमच्या डोळ्यांसमोर दिवा लुकलुकला की याचं उत्तर मिळेल. सकाळी अर्धा तास आधी लावा, अंघोळी पाठोपाठ उरका, शेवटचा माणूस आत गेला की बटण बंद. १५ लिटर पाणी ६० अंशांना तापलं की त्यात गार मिसळून ४० अंशांचं २८ लिटर होतं, म्हणजे जवळपास दोन बादल्या. दोघांच्या अंघोळी एका तापवण्यात. सात वाजता एक, साडेआठला दुसरा, दहाला तिसरा असं झालं की दर वेळी टाकीत अर्धं गरम पाणी तसंच निवत राहतं. एवढ्या शिस्तीनं महिन्याचे २५ ते ३० युनिट सुटतात.

दुसरी गोष्ट मला वडिलांनी शिकवली. ते वायरमन नव्हते, शेतकरी होते. थंडीत पहाटे विहिरीवर गेलं की पाण्यावर वाफ दिसते आणि घागर काढली की हाताला पाणी कोमट लागतं. जमिनीच्या पोटातलं पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानावर राहतं, आपल्या भागात २४ अंशांच्या आसपास. तेच पाणी तुम्ही संध्याकाळी मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवता, रात्रभर ते थंडी खातं, आणि पहाटे गिझरमध्ये १६-१७ अंशांचं येतं. १६ वरून ४० वर न्यायचं तर २४ अंश चढवायचे. २४ वरून न्यायचं तर १६. तिसरा हिस्सा काम वाचलं. तुमच्या परड्यात विहीर आहेच. मोटर संध्याकाळऐवजी पहाटे, गिझर लावायच्या आधी चालवा. रात्री टाकीत थोडंच पाणी ठेवा. टाकीत नवं-जुनं मिसळतं त्यामुळं अख्खा तिसरा हिस्सा हाताला लागणार नाही, पण अंघोळीच्या पाण्यावर महिन्याचे १०-१५ युनिट सहज कमी होतात. पैसा खर्च नाही, फक्त मोटर लावायची वेळ बदलायची. ज्यांच्याकडं विहीर नाही आणि काळी टाकी उन्हात आहे, त्यांनी संध्याकाळी चार-पाचला अंघोळ करून बघावी. शेतातून आल्यावर अंघोळ करणारी जुनी माणसं तेच करायची.

आता बंब. सासूबाईंशी त्यावरून वाद घालू नका, जानेवारीत तोच तुमच्या कामाला येणार आहे. नणंदबाईंचं न्हाणं बंबाच्या पाण्यावर करा, म्हणजे ते ३० युनिट मीटरवर चढतच नाहीत. बाळंतिणीला पाठीवर ओतायला जसं सलग कढत पाणी लागतं तसं बंब देतो, वरून गार ओतत राहा आणि तोटीतून गरम घेत राहा. फक्त बंब परड्यातच, उघड्यावर पेटवायचा, न्हाणीच्या आत नाही. कारण शेगडीचंच.

बंबात लाकूड किती जातं ते मात्र बघा. २० लिटर पाणी ६० अंशांना न्यायला ८०० किलोकॅलरी लागतात. एक किलो वाळक्या लाकडात ३५०० च्या वर असतात, आणि तरी आपल्याला किलो-सव्वा किलो जाळावं लागतं. म्हणजे पाच-सहा वाट्यांतली एक वाटी पाण्यात जाते, बाकी नळीतून आकाशात. नळीच्या आतली बाजू बघा. बोटभर काजळी बसलेली असेल तर जाळ तांब्यापर्यंत पोचतच नाही. आठवड्यातून एकदा काथ्याचा बोळा काठीला बांधून नळी घासली तर पाणी लवकर तापतं. खालची राख रोज काढा, हवा खालून मिळाली पाहिजे. ओलं लाकूड तर घालूच नका. निम्मं वजन पाण्याचं असलेलं लाकूड वाळक्याच्या निम्मीच उष्णता देतं, कारण त्यात लाकूडच निम्मं असतं, आणि आधी स्वतःतलं पाणी उकळवण्यातही त्याचा जीव जातो. खानापूरकडची माणसं पावसाळ्याआधी लाकूड वळचणीला रचून ठेवतात ते याचसाठी. दाणे काढलेली मक्याची कणसं आणि नारळाच्या करवंट्या बंबाला उत्तम. काजूची टरफलं कुणी फुकट दिली तरी घालू नका. त्यांच्या तेलाचा धूर घशाला आणि कातडीला झोंबतो, आणि परड्यात बाळंतीण असणार आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्या पेटवून जाळ धरवायची सवय असेल तर तीही आजपासून सोडा. आणि पाणी भरल्याशिवाय बंब पेटवू नये हे सासूबाईंना ठाऊक असेलच, पण पोरंबाळं पेटवत असतील तर त्यांना सांगा. रिकाम्या बंबाच्या सांध्याचा डाग सुटतो.

पाण्यात घालायची कॉइल, म्हणजे रॉड, बाळंतिणीच्या घरात मला नकोच वाटते. युनिटच्या हिशेबात ती गिझरइतकीच चांगली, पण बादलीत रॉड चालू असताना कुणीतरी पाणी किती तापलं बघायला बोट बुडवतं, आणि मग मला फोन येतो किंवा मला फोन करण्यासारखं काही राहत नाही. गॅस गिझर तुमच्याकडं नाही, तरी मध्येच कुणी सुचवील म्हणून सांगतो. खर्चाला तो वाईट नाही, एका बादलीला ३५-४० ग्रॅम गॅस लागतो. पण तो बाथरूमच्या बाहेरच, हवेशीर जागी बसवायचा. आत बसवलेल्या गॅस गिझरनं दार लावून अंघोळ करणारी माणसं गेलेली आहेत.

सोलरबद्दल थोडक्यात. आपल्याकडं नोव्हेंबर ते मे आभाळ स्वच्छ असतं, त्यामुळं येळ्ळूरला १०० लिटरचं सोलर चार-पाच माणसांना थंडीत छान पुरतं. जांबोटी, कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर त्याचा काही उपयोग नाही. तिथं बंबच खरा. दोन चुका मी सारख्या बघतो. एक म्हणजे टाकीपासून बाथरूमपर्यंत लांब उघडी पाइप. पाऊण इंची दहा मीटर पाइपमध्ये तीन लिटरच्या आसपास पाणी मावतं, ते रोज गार म्हणून सांडलं जातं. पाइप जवळची ठेवा आणि तिला फोमची नळी चढवा. दुसरी चूक, सोलरच्या टाकीतली विजेची कॉइल रात्रंदिवस चालू ठेवणं. मग सकाळी सूर्य यायच्या आतच विजेनं पाणी तापलेलं असतं आणि सूर्याला काही काम उरत नाही.

तुमच्या जुन्या गिझरचं एक बघायचं राहिलं. बोअरच्या पाण्याचे क्षार कॉइलवर बसले की युनिट वाढतात असं बरेच मिस्त्री सांगतात. युनिट फारसे वाढत नाहीत, कॉइलमधली उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण कॉइल आतल्या आत जास्त तापून तडकते, आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर खडा बसला की त्याला पाणी तापल्याचं उशिरा कळतं. गिझरमधून केटलीसारखा आवाज येत असेल तर खडा बसलाय असं समजा. तडकलेल्या कॉइलमधून करंट पाण्यात आणि अर्थिंगला जातो. अर्थिंग चांगलं असेल तर तो गुपचूप बिलात चढत राहतो, वाईट असेल तर तोटीला हात लावणाऱ्याला झटका बसतो.

म्हणून नणंदबाई यायच्या आधी वायरमनला बोलवून दोनच कामं करून घ्या. बाथरूमच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवा आणि त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते स्वतः बघा. पुढं दर महिन्याला ते बटण तुम्हीच दाबायचं. आणि परड्यातला अर्थिंगचा खड्डा उघडून तार गंजलीय का ते तपासून घ्या, थंडीत जमीन सुकते तसं त्यात पाणीही ओतत जा.

बिल कन्नडातलं असतं, त्यातलं मागचं वाचन आणि आताचं वाचन कुठलं ते तुमच्या शाळेतल्या पोराकडून समजून घ्या, त्याला वाचता येतं. मग त्यालाच रोज सकाळी मीटरचा आकडा कॅलेंडरवर तारखेखाली लिहायला लावा. रोजचे साडेसहाच्या आत राहिलात तर तीस दिवसांच्या महिन्यात २०० च्या आत राहाल. एखाद्या दिवशी आठ-नऊ दिसले तर त्या दिवशी कोण पाहुणे आले, गिझर कुणी चालू ठेवला, हीटर किती वेळ चालला, हे आठवणीत ताजं असतं. महिनाभरानं बिल हातात पडल्यावर ते कुणालाच आठवत नाही. नणंदबाई यायच्या आधीच आठ दिवस लिहायला सुरुवात करा, म्हणजे हीटरसाठी किती युनिट मोकळे झाले ते तुम्हाला आधीच दिसेल.